नागपूर-दोहा : ३ तासांचा हिशेब चुकतो कुठे?

एका लेखात नागपूर-दोहा विमानप्रवासाचं अंतर २,८४० किमी आणि वेळ ‘साधारण ३ तास’ दिली आहे. अंतर बरोबर आहे, वेळ नाही. २,८४० ला ताशी ९०० किमीने भागलं की ३ तासांच्या थोडं वर येतं, पण ते सरळ रेषेचं अंतर झालं. प्रत्यक्ष हवाई मार्ग वळणं घेत जातो, चढता-उतरताना वेग कमी असतो आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर विमानाचं दार बंद झाल्यापासून धावपट्टीपर्यंतचा वेळही तिकिटावरच्या वेळेत धरलेला असतो.

खरा फरक वाऱ्याचा. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना मागून ढकलतो. ताशी १०० किमीचा वारा धरला तर हवेत ८४० चा वेग असलेलं विमान जाताना जमिनीवरून ७४० नेच सरकतं, परतताना ९४० ने. वाटभर असाच वारा असेल तर पाऊण तासाचा फरक, प्रत्यक्षात त्याहून थोडा कमी. म्हणून जाताना सव्वाचार तास धरा, येताना पावणेचारच्या आसपास.

तिकीट वाचताना तर हमखास गोंधळ होतो, कारण दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. पहाटे ४ ला निघालात तर तिथे ५.४५ वाजलेले दिसतील. तो पावणेदोन तासांचा प्रवास नव्हे! आणि रात्री १२ नंतरचं विमान असेल तर विमानतळावर आदल्या रात्रीच पोचायचं. १५ तारखेचं पहाटेचं तिकीट म्हणजे १४ च्या रात्री घर सोडणं. विमान चुकतं ते बहुतेक इथेच.