समोरासमोर माफी मागायला लावू नका

शाळेतल्या दादागिरीला बळी पडतात ती 'लाजाळू' मुलं, असं या विषयावरच्या एका लेखात म्हटलंय. ते अर्धंच खरं आहे. आठवीत नव्याने आलेला, तोतरा बोलणारा, जाड, बोलीभाषेवरून ओळखू येणारा, वर्गात एकही घट्ट मित्र नसलेला मुलगा जास्त धोक्यात असतो. त्रास देणारा बरेचदा घरी मार खाणारा किंवा स्वतःही कधी छळला गेलेला असतो.

छळ बाईंसमोर होत नाही. जिना, स्वच्छतागृह, मधली सुट्टी, शाळेची व्हॅन आणि रात्रीचा व्हॉट्सॲप ग्रुप या त्याच्या जागा. पुण्यात व्हॅनमध्ये मुलं रोज बराच वेळ कोंबलेली असतात, म्हणून व्हॅनवाल्या काकांनाही विश्वासात घ्या.

सर्वात घातक उपाय म्हणजे दोघांना समोरासमोर उभं करून 'सॉरी म्हण, हात मिळवा'. हे भांडण नव्हे. इथे ताकद एकाच बाजूला असते. दुर्बल मूल तिथे गप्प बसतं आणि व्हॅनमध्ये त्याचा हिशोब चुकता होतो. दोघांशी वेगवेगळं बोला, बघ्या मुलांशीही. ती हसायची थांबली की दादाचा निम्मा जोर जातो.

पालकांनी तारीख, जागा, कोण होतं हे वहीत लिहावं. मेसेज डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तोंडी तक्रार विरून जाते. आठवड्याने पुन्हा विचारावं. शाळा दाद देत नसेल तर १०९८ ही बालकांची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मूल स्वतःही फोन करू शकतं.