बारावीत 35 टक्के पुरे?

दहावीचा निकाल लागला की फिरू लागणारा ‘आता बारावीच्या गुणांना शून्य किंमत’ हा मेसेज यंदा माझ्या बहिणीपर्यंत पोहोचला आणि भाच्याचा अकरावीचा अर्ज त्याच्याच भरवशावर भरण्याचे घाटू लागले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मेसेजचे म्हणणे असे: बारावीत 35 टक्के मिळवून नुसते पास व्हा, नाव टायअप कॉलेजात, म्हणजे क्लासशी संधान बांधून हजेरी न मागणाऱ्या कॉलेजात, घाला आणि दोन वर्षे फक्त क्लास करा, स्टेट बोर्डाचा अभ्यासक्रम कुचकामी आहे, सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण, आणि डिप्लोमा हा ढ मुलांचा मार्ग.

पहिल्या दाव्यात थोडे तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. राज्यातील इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीवर आणि मेडिकलची नीट या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेवर लागते. बारावीचे गुण त्यात मिळवले जात नाहीत. पण यादीत नाव येण्यासाठी आधी पात्र असावे लागते, आणि ती अट ही प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट छापलेली असते: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित मिळून खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के, राज्यातील राखीव प्रवर्गांना 40 टक्के. म्हणजे 300 पैकी 135. मेसेजचा सल्ला तंतोतंत पाळून प्रत्येक विषयात 35 मिळवणाऱ्या मुलाचे होतात 105, आणि मग त्याला सीईटीत 98 पर्सेंटाइल मिळाले तरी तो खुल्या प्रवर्गातून प्रवेशाला अपात्रच ठरतो. नीटसाठी जीवशास्त्रासह तीन विषयांत मिळून 50 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना 40. आयआयटी आणि एनआयटीसाठी तर बारावीत 75 टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान हवे. अनुसूचित जाती-जमातींना 65 टक्क्यांची अट आहे. जेईईचे, म्हणजे या संस्थांच्या प्रवेश परीक्षेचे, क्लास विकणाऱ्यांना हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

कॉलेजला न जाण्याच्या सल्ल्याचा फटका प्रयोगशाळेत बसतो. आपल्या बोर्डात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. दोन वर्षांत ब्युरेट हातात न धरलेला आणि दुसऱ्याचे जर्नल रात्रीतून उतरवून काढलेला मुलगा टायट्रेशनला उभा राहतो, तेव्हा त्याचे गुण परीक्षकाच्या दयेवर असतात. ती दया मिळेलही. पण तोच मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पुन्हा प्रयोगशाळेतच जाणार असतो.

अभ्यासक्रमाबद्दलचा दावा तर हास्यास्पद आहे, कारण ज्या सीईटीसाठी हा सगळा खटाटोप चालला आहे, तिचा पेपरच स्टेट बोर्डाच्या अभ्यासक्रमावर निघतो: साधारण 80 टक्के भार बारावीचा, 20 टक्के अकरावीचा.

पर्सेंटाइलवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. ते गुण नव्हेत, आपल्या मागे किंवा बरोबरीला किती टक्के मुले आहेत याचे माप आहे. एक लाख मुले परीक्षेला बसली असे धरले, तर 90 पर्सेंटाइलच्या पुढेही सुमारे 10 हजार मुले असतात.

राहिला डिप्लोमा. दहावीनंतर तीन वर्षे पॉलिटेक्निक केले की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि तो डिप्लोमाच्या गुणांवर मिळतो. त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही. मेसेजच्या तळाशी मोबाइल क्रमांक देणाऱ्या क्लासने त्या मार्गाला नावे ठेवावीत, यात आश्चर्य कसले?