दगडावर नुसते आकडे

सिंहस्थाची कामं निघाली की नाशिककडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक जुना वाद हमखास वर येतो. रस्ता रुंद होतोय, चौक सुशोभित होतोय आणि मध्ये येतेय ती संगमरवरी पाटी: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. एक म्हणतो, गुलामगिरीची खूण, उखडून टाका. दुसरा म्हणतो, राहू द्या हो, पण जरा चकाचक करा. मला भीती वाटते ती दुसऱ्याची.

पहिल्याचा राग निदान समजतो. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १९ एप्रिल १९१०ला अनंत कान्हेरे फासावर चढले. त्या शहराला ‘बादशहासाठी मेलेले’ हे शब्द जड जाणारच. पण त्यानंतर चारच वर्षांनी बोटीवर चढलेल्या शिपायाला महिना अकरा रुपये पगार होता, आणि बादशहापेक्षा त्या अकरा रुपयांचं गणित घरात जास्त कळत होतं. तो हुतात्मा नसेल. म्हणून त्याचा दगड खडी करायच्या लायकीचा होतो का?

मग कोणीतरी लिहितंच, ‘इंग्लंडमध्ये बघा कसं जपतात!’ इथे डॉर्सेटमध्ये बसून हे वाचताना हसू येतं. को-ऑप दुकानासमोरचा युद्धस्मारकाचा क्रॉस आज सगळ्यांना पवित्र वाटतो, पण १९१९-२०मध्ये अशा एकेका दगडावरून गावागावांत भांडणं झाली. क्रॉस उभारायचा, हॉल बांधायचा की पोरांना मैदान द्यायचं? वर्गणी कोणी किती दिली? नावं दारोदार फिरून गोळा केलेली. मग प्रश्न असा की घरी परतून जखमांनी मेलेला यादीत घ्यायचा का? पळून गेला म्हणून आपल्याच सैन्याने गोळी घातलेला? अशांची नावं कित्येक ठिकाणी गाळली गेली, आणि त्यांतल्या ३०६ जणांना सरकारने माफी दिली ती २००६ साली. जपणूकसुद्धा आपसूक होत नाही. पालिकांना स्मारकांवर खर्च करता यावा म्हणून १९२३ला कायदा करावा लागला.

पण एकदा ठरल्यावर काय करायचं नाही, हे इथल्यांना पाठ असतं. अनेक स्मारकांवर अक्षरं शिशाची असतात. दगडात अक्षर कोरायचं, आत तिरकी बारीक भोकं पाडायची, शिसं ठोकून बसवायचं आणि वरून घासून सपाट करायचं. अशा दगडावर प्रेशर वॉशर मारला की पाणी शिशामागे शिरतं, थंडीत त्याचं बर्फ होतं आणि अक्षर सुटतं. म्हणून साधं पाणी, मऊ ब्रश, बस. शेवाळ थोडं राहिलं तर राहू द्यायचं.

आपल्याकडे बर्फ नाही, उत्साह आहे. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड. बाथरूमच्या फरशीचं ॲसिड त्यावर ओतलं की फेस येतो. तो मळ निघत नसतो, दगड विरघळत असतो. पांढरा होतो खरा, पण अक्षरांच्या कडा बोथटतात आणि पुढचे चार पावसाळे त्यात दुप्पट मळ धरतो. त्यावर ऑइलपेंट फासला की आतली ओल अडकते, रंगाचे पोपडे सुटतात आणि सोबत दगडाचा थरही घेऊन येतात. भोवतीच्या सांध्यांत सिमेंट भरलं की पाणी सांध्यातून निघायचं ते दगडातून निघू लागतं, आणि दोन-तीन वर्षांत लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, दिसतो. त्यापेक्षा सांधा हाताने, छिन्नीने मोकळा करा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. हे काम दिवाळीनंतरच, आणि वर आठवडाभर ओलं बारदान. पाटी धुताना खालून वर जायचं, नाहीतर कोरड्या दगडावर ओघळांचे डाग बसतात. अक्षरांतली माती काढायला बांबूची काडी पुरते.

आणि ‘१९१९’ ही पाथरवटाची चूक समजून कोणी दुरुस्त करू नये. लढाई नोव्हेंबर १९१८ला थांबली, व्हर्सायचा तह २८ जून १९१९चा. इथल्या कित्येक क्रॉसवरही १९१९च आहे.

फरक आहे तो दुसरीकडे, आणि तो मला गटावर लिहिता येत नाही. इथे नावं आहेत, बहुतेकदा हुद्दा न पाहता आडनावाच्या क्रमाने. आपल्या पाटीवर फक्त किती गेले, किती मेले. आजच्या इराकमधल्या कुटच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. मेसोपोटेमियातल्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक झालं, तिथे अधिकारी नावाने आणि हिंदी शिपाई पलटणीखाली आकड्याने. राष्ट्रकुलाच्या युद्धकबरींच्या आयोगाने २०२१मध्ये स्वतःच कबूल केलं की किमान १,१६,००० जणांची नावानिशी नोंद झाली नाही, किंवा मुळीच झाली नाही. त्यांत बहुतेक पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तचे. आपणही कमी नाही. १९१७ला उभी केलेली १११ महार पलटण १९२१ला मोडली गेली आणि १९३०ला त्याच समाजाला देवळात शिरण्यासाठी काळारामाच्या दारात सत्याग्रह करावा लागला. तेव्हा ‘जपणारे इंग्रज’ आणि ‘विसरणारे आपण’ ही वाटणी कोणालाच परवडणारी नाही. मलाही नाही, जरी इथून ती सोयीची वाटते.

नोव्हेंबरमध्ये अकराच्या ठोक्याला सगळे क्रॉसपाशी दोन मिनिटं गप्प उभे राहतात. समोरच्या आडनावांत आपलं कोणी नाही, हे त्या दोन मिनिटांत फार स्पष्ट दिसतं. देवळालीसुद्धा इथे उरली आहे ती वेड लागलेल्याला ‘डूलॅली’ म्हणण्यापुरती. ते नाशिकरोडच्या पलीकडचं गाव आहे हे सांगितलं, की लोक थट्टा समजतात.

तर चौकात जेसीबी येण्याआधी एवढं करा. रात्री पाटीला बोटही न लावता मोबाइलची बॅटरी अगदी कडेने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. झिजलेल्या अक्षरांची सावली पडते. डावीकडून एक फोटो, उजवीकडून एक, आणि एक वरून. शेजारी मोजपट्टी ठेवा. खालची ओळ बहुतेक फरशीखाली गेलेली असेल, मृतांचा आकडा तिथेच असतो.