मावशींच्या प्रतिक्रियेला उत्तर: पाच रूबलची नोट

मावशी, नमस्कार.

तुम्ही नाव दिलेलं नाही. सहीच्या जागी 'बारावीतल्या एका मुलाची मावशी' एवढंच आहे, म्हणून मीही मावशीच म्हणतो. उत्तराला अकरा दिवस लागले. त्यातले पहिले तीन-चार नुसते रागात गेले, हे आधीच कबूल करून टाकतो. मग तुमच्या एका वाक्यामुळे एक जुनं पुस्तक पुन्हा काढलं आणि रागाची दिशाच बदलली.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला आसपासच्या माणसांपेक्षा पुस्तकांतली तुटलेली, घुमी, कुठेच न बसणारी माणसं जवळची वाटायची, असं मी लिहिलं होतं. दोस्तोयेव्हस्कीचा तळघरातला माणूस, काम्यूचा मर्सो, सॅलिंजरचा होल्डन, नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर. शेवटी जाता जाता लक्ष्मण माने यांचं 'उपरा'ही नमूद केलं होतं. त्यावर मावशींनी मला चांगलंच फैलावर घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की यातली बहुतेक खात्यापित्या घरची मुलं आहेत, हौसेनं बाहेर बसलेली. त्यांच्या दुःखाचा भुर्दंड भलत्यांनाच पडतो आणि त्याबद्दल मी अवाक्षर काढत नाही. 'उपरा' या मुलांच्या पंगतीला बसवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. यादीत बाई औषधालाही नाही. आणि सगळ्यात शेवटी, त्यांचा भाचा 'द कॅचर इन द राय', म्हणजे होल्डनचंच पुस्तक, घेऊन दार लावून बसतो. त्यानेच माझा लेख त्यांना दाखवला, 'बघ, मी एकटाच असा नाही' म्हणून. तर आता त्याला काय सांगायचं?

आधी 'उपरा' घेतो, कारण तिथे माझ्याकडे बचावच नाही. ते पुस्तक मी यादीत टाकलं ते नावावरून. आउटसायडरला मराठीत चपखल शब्द हवा होता, तो एका मुखपृष्ठावर आयता सापडला, इतकंच. पुस्तक वाचलं होतं, पण लेख लिहिताना ते डोक्यात नव्हतं, शब्द होता. 1980 साली आलेल्या या आत्मकथनात गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा शाळेत टिकायला धडपडतो. होल्डनला आणखी एका शाळेतून काढून टाकलंय आणि त्याचं त्याला फारसं काही वाटत नाही. ही दोन मुलं मी एका परिच्छेदात बसवली होती. तुमचं पत्र वाचून मी आपले शब्द एकेक करून तपासले. घुमा, एकलकोंडा, माणूसघाणा, विक्षिप्त. हे सगळे शब्द त्या माणसाच्या स्वभावावर बोट ठेवतात. उपरा हा स्वभाव नाही. उपरं कोणी असत नाही, त्याला बाकीच्यांनी तसं ठरवलेलं असतं. माने यांनी हा शब्द मिरवायला घेतलेला नव्हता. मी घेतला.

बाईचं म्हणाल तर तेही खरंच. या अकरा दिवसांत मी सिल्व्हिया प्लाथचं 'द बेल जार' वाचलं. 'कोसला' आणि ते एकाच वर्षी, 1963 मध्ये आलं, आणि तेही व्हिक्टोरिया लुकस या टोपणनावाने. होल्डन रात्री-बेरात्री न्यूयॉर्कभर एकटा भटकतो, पांडुरंगही वाटेल तेव्हा वाटेल तिकडे जातो. त्याच न्यूयॉर्कमध्ये महिनाभर राहायला मिळालेली 'द बेल जार'ची नायिका एस्थर स्पर्धा जिंकून आलेली आहे, बाहेरून बघणाऱ्याला तिचं सगळं छान चाललंय, आणि तिच्या तुटण्याला जागा म्हणून काय मिळतं, तर आईच्या घरातली झोपायची खोली. नुसतं चालत सुटता येणं हीसुद्धा चैन असते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. यावर पुन्हा कधीतरी नीट लिहीन, आत्ता पुस्तक फार ताजं आहे.

पण 'हौसेनं बाहेर बसलेली' हे मात्र मी मान्य करणार नाही. पोट भरलेलं आहे म्हणून तुटणं खोटं, असं कसं म्हणता? होल्डनची बडबड, शिव्या, सगळं जग भंपक असल्याचं त्याचं तुणतुणं बाजूला करा. खाली काय उरतं? धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेलेला, आणि त्याचा डावखुऱ्याचा बेसबॉलचा हातमोजा. ॲलीने त्या मोज्यावर, बोटांवर, खोबणीत, सगळीकडे शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. मैदानात उभं असताना चेंडू येईपर्यंत वाचायला काहीतरी हवं म्हणून. भाऊ गेला त्या रात्री होल्डनने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. आता खोलीतल्या दुसऱ्या मुलाचा निबंध लिहून द्यायची वेळ येते, तेव्हा याला त्या मोज्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. याला हौस म्हणायचं? 'कोसला'तही तेच. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'चा तो सगळा थट्टेचा पसारा धाकट्या बहिणीपाशी, मनीपाशी येऊन थांबतो. ती देवीने जाते आणि पांडुरंगाची भाषाच बदलते. 'कोसला'तले विनोद पाठ म्हणून दाखवणारे पुष्कळ भेटतात. मनीच्या पानांवर त्यांच्यापैकी कोणी बोलत नाही. मीही बोललो नव्हतो.

आणि आतून दुभंगणं ही सुखवस्तू मुलांची मिरासदारी आहे असंही नाही. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) शिकून सवरून शहरी झालेल्या दया पवारांना दगडू मारुती पवार भेटतो, आणि तो दुसरा कोणी नसून तेच असतात. तिथे बाहेरून ढकललं जाणं आणि आतून तुटणं यांची गाठ पडलेली आहे. ती सोडवून दोन वेगळे ढीग करता येतील असं मला वाटत नाही. तुम्ही ते फार पटकन केलंत.

आता तुमचं ते वाक्य, 'यांच्या दुःखाचा भुर्दंड कोण भरतं ते एकदा मोज.' मोजला.

मर्सो समुद्रकिनाऱ्यावर एका माणसाला गोळी घालतो. मध्ये थोडा थांबतो, मग पडलेल्या देहात आणखी चार घालतो. पुढे खटला चालतो तो जणू आईच्या प्रेताशेजारी तो रडला नाही, कॉफी प्यायला, सिगारेट ओढली, दुसऱ्या दिवशी मैत्रिणीबरोबर विनोदी सिनेमा बघितला, याचाच. माझ्या लेखात या न्यायालयाच्या ढोंगावर अख्खा परिच्छेद होता. मेलेल्या माणसावर एक ओळ नव्हती. त्याला कादंबरीतही नाव नाही, तो फक्त 'अरब' आहे. काम्यूची कादंबरी 1942 ची, फ्रेंच अंमलाखालच्या अल्जीरियात घडणारी. अल्जीरियाच्याच कामेल दाऊदने 2013 मध्ये त्या मेलेल्याच्या भावाच्या तोंडून दुसरी कादंबरी लिहिली आणि त्याला मूसा हे नाव दिलं. म्हणजे नाव मिळायला त्याला एकाहत्तर वर्षं लागली. काम्यूने नाव दिलं नाही ते त्या समाजाचा आंधळेपणा दाखवायला, की तो आंधळेपणा त्याचा स्वतःचाही होता? मला दोन्ही शक्य वाटतं, आणि कादंबरी म्हणून ती मला आजही थोर वाटते. पण मी वाचताना कोर्टाइतकाच वागलो, हे खरं.

मग 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड' काढलं, दोस्तोयेव्हस्कीच्या त्या तळघरातल्या माणसाचं. 1864 चं पुस्तक, माझी प्रत मात्र पहिल्या वर्षाची, पेन्सिलच्या रेघांनी भरलेली. पहिला भाग, जिथे तो चाळिशीचा निवृत्त कारकून दोन अधिक दोन चारवर, विज्ञानावर, सगळ्या शहाण्यासुरत्यांवर तोंडसुख घेतो, तिथे पानापानावर रेघा. समासात 'अगदी!' आणि एका ठिकाणी चक्क 'मीच!' असं लिहिलंय. (वाचून कान लाल झाले.) दुसऱ्या भागात पेन्सिल लागलेलीच नाही. पानं कोरी करकरीत. कथा तर तिथेच आहे.

तो चोवीस वर्षांचा आहे. शाळेतल्या जुन्या मुलांनी मेजवानीत पाणउतारा केल्यावर तो वेश्यागृहात जातो. तिथे लिझा आहे, वीस वर्षांची. तो तिला तिचं पुढे काय होणार ते सुनावतो, घर, मुलं, मरण, असं काही रंगवून सांगतो की ती हमसून रडते. तो तिला स्वतःचा पत्ता देतो. निघताना ती धावत जाऊन एक कागद आणते. एका विद्यार्थ्याने तिला लिहिलेलं प्रेमपत्र आहे ते, अदबीने लिहिलेलं. ती कुठे राहते हे त्या मुलाला माहीत नाही. माझ्याशीही कोणी असं बोललंय, एवढंच तिला दाखवायचं असतं. हे पत्र मला पहिल्या वाचनातलं आठवतच नव्हतं, मावशी. अजिबात नाही.

पुढे ती त्याच्या घरी येते. हा फाटक्या झग्यात नोकराशी भांडतोय. तिने आपल्याला असं पाहिलं याचाच त्याला संताप येतो. मग तो तिला सांगून टाकतो, की त्या रात्री मी तुला हसत होतो, माझा अपमान झाला होता म्हणून मला कोणाचा तरी अपमान करायचा होता. आणि स्वतःच रडायला लागतो. एवढं ऐकूनही लिझाला जे कळायचं ते कळतं, की हा माणूस दुःखी आहे. ती त्याला जवळ घेते. हेच त्याला सहन होत नाही. ती निघते तेव्हा तो तिच्या हातात पैसे कोंबतो. ती गेल्यावर त्याला टेबलावर चुरगळलेली निळी पाच रूबलची नोट दिसते. तीच. तो बर्फात धावत सुटतो, रस्त्यावर कोणी नसतं.

माझा सगळा बचाव या नोटेवर उभा आहे. पुस्तक त्या माणसाच्याच तोंडून आहे, जगाला शहाणपण शिकवायचा मक्ता त्याच्याकडेच आहे, तरी लेखकाने ती नोट टेबलावर ठेवून दिलीय आणि त्यालाच ती बघायला लावलीय. म्हणजे भुर्दंड कोण भरतंय हे पुस्तकाला माहीत होतं. मला नव्हतं. तुमचं भांडण पुस्तकाशी नसून माझ्या पेन्सिलशी आहे, आणि तिथे तुम्ही जिंकलात.

आणखी एक सांगतो, जे लेखात नव्हतं. त्याच वर्षी हॉस्टेलवर माझ्या खोलीत एक मुलगा होता. कमी बोलायचा. मी रात्री वाचत असलो की तो भिंतीकडे तोंड करून पांघरूण डोक्यावर घ्यायचा, दिवा घालव असं एकदाही म्हणाला नाही. एकदा त्याने विचारलं, "काय आहे यात एवढं?" हातात हेच पुस्तक होतं. मी म्हणालो, "सोड, डोक्यावरून जाईल तुझ्या." तो "बरं" म्हणाला. परीक्षेनंतर तो गेला, पुढच्या वर्षी आला नाही. निकालाच्या यादीत त्याचं आडनाव पाहिलं तेव्हा कळलं, की मी वर्षभर ते चुकीचं उच्चारत होतो. त्याने कधी दुरुस्त केलं नव्हतं. लेखात मी 'त्या वर्षी माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं' असं वाक्य लिहिलंय. ते वाक्य तसंच ठेवतोय, खाली या उत्तराकडे बोट दाखवून.

आता तुमचा भाचा. मी तुमच्या भाच्याहून तीनच वर्षांनी मोठा आहे, तेव्हा सल्ला म्हणून घेऊ नका. पुस्तकं काढून घेऊ नका, एवढं नक्की. ही भीती जुनी आहे. जर्मन लेखक गटेच्या कादंबरीतल्या तरुण वेर्थरने 1774 मध्ये स्वतःला गोळी घातली, त्यानंतर लाइप्झिग शहराने पुस्तकावरच नव्हे, वेर्थरसारख्या निळ्या कोट-पिवळ्या वास्कटीवरही बंदी आणली होती. कपडे बंद करून आत चाललेलं कसं बंद होणार? पण भीती अगदीच पोकळ आहे असंही मी म्हणणार नाही. तो जेवत नसेल, झोपत नसेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल, तर तो होल्डनचा विषय उरत नाही. तेव्हा मरणाचे विचार येतात का, हे सरळ त्याच शब्दांत विचारा आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा. विचारल्याने असे विचार डोक्यात घुसत नाहीत.

यातलं काही नसेल, नुसतंच दार लागलेलं असेल, तर तुमच्याच पत्रातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय. लेख तुम्हाला त्याने दाखवला. आपणहून. घरातल्या सगळ्यांतून मावशीला. तुम्ही त्याचं उत्तर मला पाठवलंत, त्याला नाही.

पुस्तक चांगलं की वाईट यावर त्याच्याशी वाद घालू नका, हरून जाल. एवढंच विचारा, की ॲलीने मोज्यावर कविता लिहिल्या ती शाई कोणत्या रंगाची होती? रंग मी वर मुद्दाम लिहिला नाही. (आणि भाऊ, तूही हे वाचत असशील तर आपणहून सांगू नकोस, तिला विचारू दे.)