कितवीत आहेस?

मराठी माणसाला कुणाचंही मूल दिसलं की तो दोन प्रश्न विचारतो. नाव काय, आणि कितवीत आहेस? आमच्या दोन्ही मुलांना पहिल्याचं उत्तर येतं. दुसरा प्रश्न आला की थोरली माझ्याकडे बघते, मी नवऱ्याकडे बघते आणि नवरा मोबाईलवर एक तक्ता उघडतो.

तक्त्याची वेळ आमच्यावर आली ती नवऱ्याच्या बदलीमुळे. आधी इंग्लंड, दोन वर्षांनी जर्मनी. बदली त्याची एकट्याची, पण प्रवेश परीक्षा, मुलाखत आणि पुरवणी परीक्षा माझी. मुलं त्या वयाची, जेव्हा आईबापाचं श्वास घेणंही त्यांना खटकतं. त्या वयात त्यांना मैत्रिणींपासून, क्रिकेटच्या टीमपासून आणि वायफायपासून उपटून दुसऱ्या खंडात लावायचं, म्हणजे झाड लावण्याऐवजी साळिंदर लावण्यासारखं आहे. थोरलीनं निघायच्या आधी मला एवढंच सांगितलं, "प्रमोशन बाबांचं, शिक्षा माझी." त्यानंतर ती विमान उतरेपर्यंत बोलली नाही. नऊ तास घरात शांतता नांदली असं गेल्या दोन वर्षांत प्रथमच झालं होतं, आणि तेही घरात नाहीच, हवेत.

जाताना ती आठवीत होती आणि धाकटा सातवीत. मी दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले मिळवायला तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला शिक्का नव्हता. तिसऱ्या खेपेला दोन्ही होते. दाखल्यावर 'वर्तणूक : चांगली' असं लिहिलेलं होतं. मी तो कागद पासपोर्टच्या आत, पासपोर्ट पिशवीच्या आत आणि पिशवी छातीशी धरून नेला.

इंग्लंडातल्या शाळेच्या बाईंनी तो हातात घेतला, उलटा करून बघितला आणि विचारलं, "हे काय आहे?" त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या, मुलांचं वय आणि घराचा पत्ता. मूल हुशार आहे की ढ, याची त्यांना त्या घडीला पर्वा नव्हती. पण पत्ता हवा, तोही त्यांच्याच हद्दीतला. घर घ्यावं तर कुठल्या भागात, ते शाळा ठरल्याशिवाय कळेना, आणि पत्ता असल्याशिवाय शाळा अर्ज घेईना. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण मी लहानपणी पाठ केली होती. ती इंग्लंडच्या नगरपालिकेनं अमलात आणलेली बघून मला भरून आलं. शेवटी आधी घर घेतलं आणि मग जी शाळा देईल ती घेतली.

मी त्या बाईंना विचारायला गेले, की मुलगी कितवीत बसेल? आणि तिथंच अडकले. इंग्रजीत 'कितवी'ला शब्दच नाही. इतक्या देशांवर राज्य केलं, पण एक साधा प्रश्नार्थक शब्द आमच्याकडून नेला नाही. मी 'व्हिच नंबर ऑफ क्लास' असं काहीतरी म्हणाले. बाईंनी जन्मतारीख विचारली. 28 ऑगस्ट. त्यांनी संगणकावर बघितलं आणि म्हणाल्या, "यिअर टेन."

म्हणजे दहावी! आठवीतली मुलगी विमानात बसली आणि उतरली ती दहावीत. नवऱ्यानं त्या रात्री बसून याचा उलगडा केला. इंग्लंडात पाच वर्षांच्या मुलाला पहिल्या वर्षात बसवतात, म्हणून आपल्यापेक्षा त्यांचा आकडा एकानं पुढे. आणि वर्षाची रेषा 1 सप्टेंबरला आखलेली. थोरली 28 ऑगस्टची, म्हणून रेषेच्या अलीकडे, वर्गातली सगळ्यात लहान. चार दिवस उशिरा जन्मली असती तर यिअर नाईन. एक इयत्ता मोजणीत गेली, दुसरी चार दिवसांत. धाकटा नोव्हेंबरचा, त्यामुळे त्याचं सरळ होतं. सातवीतून आठवीत. त्याला यात काहीच रंजक वाटलं नाही.

सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना फोनवर हे सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "नववी कुठं गेली?"

"आई, तिथं तशी नसते."

"नसते कशी? मध्ये नऊ येतोच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजून नाही.

दहावं वर्ष म्हणजे जीसीएसईच्या, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेच्या, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष. पर्यायी विषय मुलं आधीच्या वर्षी निवडतात. आपण सप्टेंबरात उगवलो तर ज्या वर्गात बाक रिकामा तो आपला आवडता विषय. थोरलीला इतिहास आणि कॉम्प्युटर सायन्स हवं होतं. रिकामे बाक होते नाट्यशास्त्रात आणि जर्मनमध्ये. पाहुणे आले की जी मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, तिला नाट्यशास्त्र मिळालं. पहिल्याच आठवड्यात तिला झाड व्हायचं होतं. ती म्हणाली, की आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी गप्प उभं राहायचे मार्क दिले. जर्मन मात्र बाकीची पोरं तीन वर्षांपासून शिकत होती. हिला 'माझं नाव अमुक आहे' यापुढे काही येत नव्हतं, आणि शिक्षक विचारत, की मागच्या सुट्टीत काय केलं? सुट्टीत तिनं देश बदलला होता, पण तेवढा भूतकाळ तिला अजून शिकवलेला नव्हता.

दोन वर्षांनी निकाल लागला. जीसीएसईला आता अक्षरं नाहीत, 9 ते 1 असे आकडे असतात, आणि 9 सर्वोत्तम. 2017 पासून ही पद्धत आली. थोरलीला गणितात 9, विज्ञानात 8, इंग्रजीत 7, नाट्यशास्त्रात 8 (झाड फळाला आलं) आणि जर्मनमध्ये 4. 4 म्हणजे काठावर पास. आम्ही खूश. सासूबाईंनी विचारलं, "टक्के किती?" टक्के नसतात, असं सांगितल्यावर त्यांनी अभिनंदन राखून ठेवलं.

आणि त्याच महिन्यात जर्मनीचं पत्र आलं.

जर्मनीत शिक्षण हे एकेका राज्याचं खातं आहे आणि राज्यं 16. म्हणजे मुळात प्रश्न 'जर्मनीत काय करतात' हा नसून 'या सोळांपैकी आपल्या वाट्याला आलेल्यात काय करतात' हा असतो. इंटरनेटवर जे वाचाल ते नेमकं शेजारच्या राज्याचं निघतं. शिवाय आम्ही इंग्लंडात कागदाची सवय मोडून बसलो होतो. इथं कागद हवे, कागदांच्या साक्षांकित प्रती हव्या, शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचं भाषांतर हवं. गोवरच्या लशीचा पुरावाही हवा, 2020 च्या मार्चपासून शाळेसाठी तसा कायदाच आहे. डॉक्टरांनी बाळपणी लिहिलेलं लशीचं कार्ड घेऊन मी उभी होते. त्यावरचं अक्षर बघून आमच्या नव्या डॉक्टरांनी विचारलं, की ही कुठली लिपी? मी म्हटलं, इंग्रजी.

इंग्लंडनं नाकारलेला शाळा सोडल्याचा दाखला इथं एकदम मोलाचा झाला. 'वर्तणूक : चांगली' याचं शपथपूर्वक भाषांतर झालं : 'गूट'. आता जर्मनीत गुण 1 ते 6. 1 सर्वोत्तम, त्याला 'झेअर गूट' म्हणतात, आणि 'गूट' म्हणजे 2. धाकट्यानं कागद बघितला आणि म्हणाला, "वागणुकीत एक मार्क कापला? मी काय केलं होतं?" त्याचं खरं उत्तर मला माहीत होतं, पण मी दिलं नाही.

प्रवेश घ्यायला गेलो त्या दिवशी मी एका बाबतीत आनंदात होते. जर्मनमध्ये 'कितवा'ला शब्द आहे! आज कितवी तारीख, हे विचारताना ते 'वीफील्ट' म्हणतात. हे मला थोरलीच्या पुस्तकात सापडलं होतं. एका परक्या भाषेत आपलं कुणीतरी भेटावं तसं झालं. तो शब्द मी आठवडाभर घोटला आणि धाकट्याकडे बोट दाखवून तिथल्या शाळेच्या बाईंना विचारलं, की हा कितवीत?

बाई जरा हसल्या, बहुधा माझ्या व्याकरणाला, आणि म्हणाल्या, की वयानं तो नववीचा आहे. पण जर्मन येत नाही, म्हणून आधी नव्या मुलांच्या भाषेच्या वर्गात. गणित आणि खेळ फक्त नववीबरोबर. मी विचारलं, मग त्या भाषेच्या वर्गाचा आकडा कोणता? त्याला आकडा नसतो, असं उत्तर आलं. शब्द होता तर इयत्ता नव्हती.

मग थोरलीचा निकाल त्यांच्या पुढे सरकवला. 9, 8, 8, 7, 4. बाईंच्या भुवया वर गेल्या. ज्या देशात सहाच्या पुढे नापास व्हायलाही आकडा नाही, तिथं गणितात 9! त्यांनी खाली खाली बघत नेलं आणि 4 दिसल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. म्हणाल्या, "पण जर्मन त्यातल्या त्यात चांगलं आहे."

नवऱ्यानं अशा प्रसंगासाठी तयारी केली होती. 'सुधारित बव्हेरियन सूत्र' नावाचा एक प्रकार आहे, परदेशी गुण जर्मन गुणांत बदलायचा. सर्वोत्तम गुणातून मिळालेला गुण वजा करायचा, सर्वोत्तम गुणातून किमान पास गुण वजा करायचा, पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं, तिनानं गुणायचं आणि एक मिळवायचा. म्हणजे जीसीएसईतला 8 हा 1.6 होतो. त्यानं तिथंच कागदावर करून दाखवलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, की दहावीत सहा महिने बसवून बघू.

दहावीत. म्हणजे आठवी, मग दहावी, मग अकरावी आणि आता पुन्हा दहावी. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. मी सांगायच्या आधीच धाकट्यानं सांगून टाकलं, की ताई अकरावीतून दहावीत गेली. सासूबाईंनी आवाज खाली आणून मला विचारलं, "नापास झाली का गं? मला सांग, मी कुणाला बोलणार नाही."

नवऱ्याच्या ऑफिसात एक फ्रेंच सहकारी आहे. त्याच्यापुढे हे रडगाणं गाताना कळलं, की त्यांच्याकडे इयत्ता उलट्या मोजतात. अकरा वर्षांचं मूल सहावीत जातं, मग पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी, पहिली आणि मग शेवटची. मी त्या रात्री नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, की बदली कुठंही घे, पण फ्रान्सची घेतलीस तर आईंना तू सांगायचंस.

धाकट्याची नववीबरोबरची पहिली गणिताची चाचणी झाली. पेपर त्यानं दप्तरातून काढून टेबलावर टाकला आणि खोलीत निघून गेला, म्हणजे नेहमीसारखाच. वर कोपऱ्यात लाल शाईनं 7. नवरा म्हणाला, सात म्हणजे बरे आहेत, इंग्लंडात ताईला इंग्रजीत सातच होते. मी म्हटलं, अहो, इथं सहा म्हणजे सपशेल नापास. सात म्हणजे त्याच्याही पलीकडे काहीतरी झालंय. आम्ही दोघं त्याच्या दारापाशी गेलो. मी फार मऊ आवाजात म्हटलं, की बाळा, होतं असं, नवीन देश आहे, आपण शिकवणी लावू. तो कानातलं काढून म्हणाला, "तो एक आहे. हे लोक एकाला असा शेंडा काढतात. सातला मध्ये रेघ असते." आणि दार लावून घेतलं. मुलाला सर्वोत्तम गुण मिळाल्याबद्दल आम्ही त्याचं सांत्वन करून आलो होतो.

पुढच्या वर्षी तो रीतसर नववीत गेला आणि थोरली अकरावीत. अकरावीपासून तिच्या शाळेत पुन्हा वेगळं माप. 0 ते 15 गुण, आणि 15 सर्वोत्तम. म्हणजे एकाच जेवणाच्या टेबलावर धाकट्याला 1 मिळाला तर शाबासकी आणि थोरलीला 1 मिळाला तर पालकसभा. मी दोघांना सांगून ठेवलंय, की आकडा सांगायच्या आधी चेहऱ्यावर काहीतरी दाखवा. ते दोघं टीनएजर असल्यामुळे चेहऱ्यावर कधीच काही नसतं. आता आम्ही तक्ता बघतो. नवऱ्यानं त्यात तीन देशांचे रकाने केलेत, रंग दिलेत, आणि तो तक्ता हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत यशस्वी प्रकल्प आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. त्याच तक्त्यात मला एक गोष्ट सापडली. इंग्लंडात 4 म्हणजे काठावर पास. जर्मनीतही 4 म्हणजे काठावर पास. एकाकडे आकडे वर चढतात, दुसऱ्याकडे उतरतात, आणि बरोबर त्या चारावर दोघांची गाठ पडते. धाकट्यानं हे माझ्याही आधी शोधलं होतं. इतिहासाचे त्याचे चारही पेपर 4.

परवा रात्री जेवताना नवऱ्यानं घसा खाकरला. तो घसा आम्ही तिघंही ओळखतो. ऑस्ट्रेलियाचं विचारलंय म्हणाला, अजून नक्की नाही. थोरलीनं चमचा खाली ठेवला. मी मनात हिशेब सुरू केला. तिथं शाळेचं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं, म्हणजे इथलं अर्धं वर्ष झालेलं असेल, म्हणजे एक तर सहा महिने पुढे नाहीतर सहा महिने मागे, म्हणजे सासूबाईंना...

धाकटा शांतपणे जेवत होता. पाणी पिऊन त्यानं विचारलं, "तिथं चारला पास करतात का?"