मांडीवरच्या बाळाला राइडमध्ये का घेतलं नाही: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू मी आणि आमच्या राइड विभागाच्या प्रमुखांनी शांतपणे वाचला. दहा महिन्यांचं बाळ आणि चार वर्षांची मुलगी घेऊन तुम्ही आमच्या अम्युझमेंट पार्कमध्ये आलात. बाळाला मांडीवर घेऊन फॅमिली कोस्टरमध्ये बसू दिलं नाही, बाबागाडी रांगेच्या तोंडाशीच ठेवायला लावली, गाडीवरचं कापड काढायला सांगितलं, पाण्याच्या भागात स्विम डायपरवरून (पाण्यात घालायच्या खास डायपरवरून) अडवलं आणि तुमचा बराचसा दिवस बाकावर बसून गेला. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘बाळं नको असतील तर दारावर तशी पाटी लावा.’ हे वाक्य मनाला लागलं. आम्हाला बाळं हवी आहेत, म्हणूनच सविस्तर लिहितो.

आधी कोस्टर. तिथल्या मुलाने तुम्हाला थांबवलं ते योग्यच केलं आणि उद्याही तो तेच करेल. राइड फॅमिलीसाठी आहे, वेग फार नाही, बाळ आईच्या कुशीत आहे, मग बिघडलं कुठे, असं कोणालाही वाटेल. पण सेफ्टी बार कसा बसतो ते बघा. तो खाली येतो आणि मांडीला टेकतो तिथे लॉक होतो. मांडीवर बाळ असेल तर तो बाळाच्या पोटाशीच थांबतो. मग तुमच्या मांडीवर मोठी फट राहते, म्हणजे तुम्हाला धरणारं काही नाही आणि बाळ तुमचं अंग आणि दांडा यांच्या मध्ये सापडलेलं. बाळाला बारच्या वर धरलं तर त्याच्यासाठी उरतात फक्त तुमचे हात. उतार संपून डबा वर वळतो तेव्हा त्या राइडवर वजन दुपटीहून जास्त भासतं, नऊ किलोचं बाळ हातांना वीस किलोंचं लागतं. लगेच पुढच्या उंचवट्यावर उलटं होतं आणि अंग सीटवरून उचललं जातं. आईने कितीही घट्ट धरलं तरी इतक्या पटकन बदलणाऱ्या जोराला हात पुरे पडत नाहीत.

शिवाय मानेचा प्रश्न आहेच. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा भाग. दहाव्या महिन्यात बाळ मान धरतं, बसतं, रांगतं, पण जड डोक्याला बसलेला झटका सावरायची ताकद त्या मानेत अजून आलेली नसते. त्या राइडवर मोठ्यांसोबत बसायलाही 90 सेंमी उंची लागते. वर्षाचं मूल साधारण 75 सेंमी असतं, दोन वर्षांचं 87 च्या आसपास. अट वयाची न ठेवता उंचीची ठेवतात, कारण सीट आणि बार शरीराच्या मापाने बसतात. ही मापं राइड बनवणारी कंपनी ठरवते. ती सैल करायचा अधिकार ऑपरेटरला नाही आणि मालक म्हणून मलाही नाही.

तुम्हाला मात्र कोस्टरवर बसता आलं असतं. तुमच्या रिव्ह्यूत याचा उल्लेख नाही म्हणून सांगतो. अख्ख्या कुटुंबाने एकदाच रांग लावायची, आधी एका पालकाने बसून यायचं, तोवर दुसऱ्याने बाळाला सांभाळायचं आणि मग अदलाबदल करायची. दुसऱ्याला पुन्हा रांग नाही. डिस्नीच्या पार्कमध्ये हीच सोय ‘रायडर स्विच’ म्हणून चालते. यात मोठ्या मुलीला बहुतेक वेळा दोनदा बसायला मिळतं, आणि चार वर्षांच्या मुलीला याहून मोठा आनंद नाही. रांगेत शिरतानाच ‘आमच्यासोबत बाळ आहे’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

बाबागाडीचं कारण साधं आहे. राइड मध्येच थांबली तर रांगेच्या त्याच अरुंद वाटेने सगळ्यांना बाहेर काढावं लागतं.

कापडाबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त राग आलेला दिसतो. ‘माझ्या मुलाला ऊन लागू नये म्हणून मी झाकलं, त्यात यांचं काय गेलं?’ तुमची काळजी खरी होती. पण कोरड्या कापडाने गाडी सगळीकडून झाकली की आतली हवा कोंडते. सिडनी विद्यापीठाच्या 2023 मधल्या प्रयोगात कोरड्या मलमलीखाली गाडीतलं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं. तीच मलमल ओली करून सोबत छोटा पंखा लावला, तर ते जवळपास पावणेपाच अंशांनी उतरलं. बाळाला मोठ्यांइतका घाम येत नाही आणि अंग लवकर तापतं. तान्हं बाळ तक्रारही करत नाही, उलट मलूल होऊन पडून राहतं आणि आपल्याला वाटतं की छान झोपलंय. म्हणून आमच्या कर्मचारी मुली गाडीजवळ येऊन कापड बाजूला करायला सांगतात. मानेच्या मागे दोन बोटं लावून बघा. तिथे गरम आणि ओलसर लागलं तर बाळाला उचलून सावलीत न्या, एखादा कपडा कमी करा, दूध पाजा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नसतं, दूधच जास्त वेळा द्यायचं. तुमचं बाळ त्यापुढे गेलंय, त्यामुळे दुधासोबत थोडं पाणी चालतं.

स्विम डायपर लघवी अडवत नाही, शी तेवढी काही वेळ धरून ठेवतो. साधा डायपर मात्र पाणी पिऊन फुगतो आणि काहीच अडवत नाही. क्लोरीन असतं की पाण्यात, असा प्रश्न आम्हाला रोज येतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त जगू शकतो, आणि त्या उथळ पाण्यात सगळी छोटीच मुलं असतात, पाणी तोंडात घेणारी. म्हणून पाण्यात स्विम डायपरच हवा, हा नियम तुमच्या बाळाच्याही बाजूचा आहे. तिथे पाणी घोट्याएवढंच असलं तरी हात बाळावरून काढू नका. अंग कापायला लागलं किंवा ओठ निळसर दिसले की लगेच बाहेर घ्या.

पार्कात फिरणारा, बाहुल्याच्या वेशातला माणूस जवळ आल्यावर बाळ किंचाळलं, असं तुम्ही लिहिलंय. साधारण आठव्या महिन्यापासून बाळं अनोळखी चेहऱ्याला बिचकतात आणि हा तर केवढातरी मोठा, न हलणारा चेहरा. लांबून हात हलवू द्या. बाळ स्वतःहून झेपावलं तरच जवळ न्या.

माझं स्पष्ट मत विचाराल तर दहा महिन्यांच्या बाळाला आमच्याकडचा अख्खा दिवस जास्त होतो. गेट उघडताच या. मेरी-गो-राउंडमध्ये घोड्यावर बसू नका, बाकावर बाळाला घेऊन बसा, कारंज्यापाशी रमू द्या, आणि दुपार चढायच्या आत स्तनपान कक्षात जा. तो मधल्या चौकात आहे, आत पडदे, पाळणा आणि डायपर बदलायचं टेबल आहे. मिरवणुकीचे ढोल आणि स्पीकर बाळाच्या कानाला फार होतात, त्या वेळी हीच खोली बरी. कानावर लावायचे छोटे मफ्स गेटवरच्या मदत कक्षात मागितले की मिळतात, जाताना परत करायचे.

पुन्हा यायचं ठरलं तर आदल्या दिवशी इथेच निरोप टाका. देखभालीसाठी त्या दिवशी कोणत्या राइड बंद आहेत ते कळवतो, म्हणजे मुलीचा हिरमोड होणार नाही.

आपला,
पार्कचा मालक