‘एक जिल्हा, एक मोठं हॉस्पिटल’: खान्देशात हे गणित बसत नाही

व्हॉट्सॲपवर सध्या फिरतंय: ग्रामीण रुग्णालयं रिकामी पडलीयत, ती बंद करा, सगळे डॉक्टर जिल्ह्याला आणा, इंग्लंडनं हेच केलं, पैसा वाचला, माणसंही वाचली.

आधी इंग्लंडचं बघू. लंडनमध्ये 2010 साली पक्षाघाताचे ताजे रुग्ण तीसेक हॉस्पिटलांऐवजी आठच केंद्रांत न्यायला लागले आणि मृत्यू कमी झाले, हे खरं. पण बाकीच्यांना कुलूप लागलं नाही. सुरुवातीचे दिवस मोठ्या केंद्रात, मग रुग्ण घराजवळच्या युनिटला परत. शिवाय ॲम्ब्युलन्स अर्ध्या तासात पोचेल अशा बेतानं जागा निवडलेल्या.

तोच अर्धा तास सातपुड्यातल्या धडगावला लावा. चांदसैली घाट उतरून नंदुरबार गाठायचं, पावसाळ्यात दरड आली की तेही बंद. पाड्यावरून रस्त्यापर्यंत अडलेली बाई झोळीतून येते. तिच्यासाठी धडगावचं रुग्णालय हेच मोठं हॉस्पिटल.

‘रिकामी पडलीयत.’ हो, बऱ्याच ठिकाणी. का, ते विचारा ना! सिझरला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त एकाच वेळी हजर लागतं. भूलवाले डॉक्टर नसले की थिएटर, टेबल, दिवे सगळं असून चिठ्ठीवर ‘पुढील उपचारासाठी रेफर’. दोन बायांना असं परत पाठवलं की तिसरीला घरचे सरळ खासगीत नेतात. मग कागदावर खाटा रिकाम्या, आणि त्याच आकड्यावर बंद करायची मागणी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

‘खर्च वाचतो.’ कुणाचा? जळगावला 2018 मध्ये मेडिकल कॉलेज आलं, सिव्हिल त्याच्याकडे गेलं. तज्ज्ञ वाढले, हे मान्यच. पण खातंही बदललं, सार्वजनिक आरोग्याचं सिव्हिल वैद्यकीय शिक्षणाचं झालं. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. लोक अजून सिव्हिलच म्हणतात, फरक केसपेपरच्या खिडकीवर पैसे भरताना कळतो. वर गाडीभाडं, सोबतच्यांचं जेवण, बुडालेली मजुरी. ते कुठल्याच बजेटात दिसत नाही.

कॅथलॅब (हृदयाच्या अँजिओप्लास्टीची सोय), मेंदूची शस्त्रक्रिया जिल्ह्यालाच हवी, वादच नाही. सर्पदंशाची लस आणि बाळंतपण तालुक्याला हवं. आधी भूलतज्ज्ञाच्या जागा भरा, पावसाळ्यात घाटाच्या वर 108 ची जादा गाडी ठेवा. मग चोपड्याच्या रुग्णालयातलं काय जिल्ह्याला हलवायचं आणि शहाद्याच्या काय, ते बसून बोलू.